दाव्याचं कुंपण केवढं? कोलेस्टेरॉलच्या एका पेटंटचं वाचन

आपल्या भागात एक जुना विनोद आहे. मालावर 'मेड इन यूएसए' असतं, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! नक्कल करणाऱ्याला आपण असं हसतो. आज उलटा प्रश्न घेऊ. शोध लावणाऱ्यानंच शोधापेक्षा मोठं कुंपण घातलं तर?

आधी शोध बघू. यकृताच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात. ते रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल पकडून आत नेतात आणि पुन्हा पृष्ठभागावर येतात. पीसीएसके९ नावाचं प्रथिन रिसेप्टरला चिकटलं, की तो परत येत नाही, पेशीतच नष्ट होतो. उच्च कोलेस्टेरॉल असलेल्या फ्रेंच कुटुंबांच्या अभ्यासातून 2003 साली या जनुकाची भूमिका कळली. उपाय असा निघाला, की प्रथिन जिथं रिसेप्टरला चिकटतं ती जागाच अँटिबॉडीनं अडवायची. अ‍ॅमजेनचं रेपाथा आणि सनोफी-रीजेनेरॉनचं प्रॅल्युएंट ही दोन्ही औषधं 2015 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. रचना वेगळ्या, काम एकच.

रेपाथाच्या रचनेचं पेटंट अ‍ॅमजेनकडे होतंच. त्यावर भांडण नव्हतं. भांडण झालं 2014 च्या दोन पेटंटांवरून. त्यांतला दावा थोडक्यात असा: पीसीएसके९ च्या ठरावीक अमिनो आम्लांना चिकटणारी आणि रिसेप्टरशी त्याची जोड रोखणारी प्रत्येक अँटिबॉडी आमची. रचना दिल्या होत्या 26. दाव्यात बसतील अशा अँटिबॉडी लाखोंनी निघतील, असं सनोफीचं म्हणणं.

माझा आक्षेप या भाषेवरच आहे. इथं वस्तूचं वर्णन नाही, वस्तूच्या कामाचं आहे. एका कुलपाच्या सव्वीस किल्ल्या करून दाखवायच्या आणि ते कुलूप उघडेल ती प्रत्येक किल्ली माझी म्हणायचं! बाकीच्या कशा घडवायच्या? पेटंटचं उत्तर असं, की बनवा, तपासा, जमेल ती ठेवा. ही कृती नव्हे, हा गृहपाठ झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 18 मे 2023 रोजी एकमतानं हे दावे फेटाळले. जेवढं मागाल तेवढं करून दाखवा, हे त्याचं सार. 1854 मध्ये तारायंत्राच्या मोर्सलाही याच मुद्द्यावर अडवलं होतं.

अ‍ॅमजेनची अडचण खोटी नाही. एखादं अमिनो आम्ल बदलून कुणी पळवाट काढली तर? पण त्यावर इलाज आहे. सगळ्यांना जोडणारा समान गुणधर्म दाखवा, मग मोठा दावा करा. तो दाखवला नव्हता.

आता आपल्याकडे येऊ. 1970 च्या कायद्यात औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हतं, फक्त प्रक्रियेवर होतं. वेगळी प्रक्रिया शोधून तेच औषध बनवता येई. भारतीय औषधउद्योग त्यावर वाढला. वस्तूवरचं पेटंट 2005 पासून आलं. मात्र आपल्या कायद्याचं कलम 10 सुद्धा शोधाचं पूर्ण वर्णन आणि माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत मागतं.

पण निकालानं फार हुरळून जाऊ नका. स्टॅटिन हा लहान रेणू. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत दिसतात तशा रिअ‍ॅक्टरमध्ये रासायनिक क्रियांनी तो घडवता येतो. अँटिबॉडी जिवंत पेशींत वाढवावी लागते. त्यासाठी पेशींचा वाण, शुद्धीकरण, चाचण्या, सगळं स्वतः उभं करावं लागतं. कुंपण पडलं म्हणून शेत आपोआप पिकत नाही. पण कुंपण असतं तर पेरायलाही बंदी होती, आणि या निकालाचं मोल तेवढंच आहे.

पुढच्या वेळी 'क्रांतिकारी शोधाला पेटंट' अशी बातमी दिसली, तर दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचा: दिलं किती आणि मागितलं किती. आता प्रश्न घेऊ.