धयकालो कोणाचा?

कार्तिकात सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू झाल्या, की फोनवर धयकाल्याचे तुकडे यायला लागतात. तीस सेकंदांचा संकासुर, चाळीस सेकंदांचं युद्ध, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मुंबईतल्या चाकरमान्यांना यातूनच जत्रा भेटते, हे खरं. तरी या तुकड्यांबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती फक्त लांबीची नाही.

दशावतारात छापील संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, सोंगं वाटलेली असतात. संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. म्हणजे त्या वाक्यांचा लेखकही तोच. संकासुर मालवणीत टोमणा मारतो तो समोर बसलेल्या गावासाठी. क्लिपमध्ये ते गाव कापलं जातं आणि उरतो काळ्या कपड्यांतला एक विनोदी माणूस, बहुतेकदा बिननावाचा.

कायदा मात्र या माणसाला ओळखतो. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलाकाराचे हक्क आले. आज त्यांची मुदत ५० वर्षं आहे. स्वतःपुरतं चित्रण करायला मुभा आहे. ते जगापुढे मांडायचं, तर कलाकाराची संमती लागते.

अ‍ॅप वेगळ्या गृहीतकावर चालतं. इन्स्टाग्रामच्या अटी म्हणतात, मजकूर तुमचाच राहील, आम्हाला फक्त तो जगभर वापरायचा फुकट परवाना द्या. यातले ‘तुम्ही’ म्हणजे अपलोड करणारा. जे त्याचं कधी नव्हतंच, त्याचा परवाना तो एका टिचकीत देऊन टाकतो. यूट्यूबची कॉन्टेंट आयडी यंत्रणा हक्कदाराने दिलेल्या फाईलशी नवे व्हिडिओ जुळवून बघते. फाईल जुळते का, हे तिला कळतं. सोंग कोणी वठवलं, ते कळत नाही. आणि फाईल असते मोबाईल धरणाऱ्याकडे.

याहून खटकतात ते देवळामागच्या रंगपटातले व्हिडिओ. पेटाऱ्यावर बसून नट स्वतःच स्वतःला रंग लावत असतो, अर्धा पुरुष, अर्धी द्रौपदी. रंगमंचावरची रात्र त्याने सगळ्यांना दिली होती, हा अर्धा तास नव्हता दिला. माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला २०२३चा डेटा संरक्षण कायदा लागू होत नाही. पण जत्रेत नाचायला येणं म्हणजे सगळंच जाहीर करणं नव्हे. सार्वजनिक जागी गेल्याने माणसाची गोपनीयता संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालातही म्हटलं आहे.

चित्रण बंद करा, असं मला म्हणायचं नाही. मंडळाच्या संमतीने केलेलं, नटांची नावं दिलेलं, पायपेटीपासून शेवटपर्यंतचं आख्यान मी आनंदाने जागून बघेन. छोटी क्लिपही चालेल. खाली मंडळाचं, नटाचं आणि जत्रेचं नाव हवं. त्याआधी रंगपटाच्या दाराशी थांबून एकदा विचारायला हवं, “शूटिंग करू काय, मालकांनू?” उत्तर ‘नाही’ आलं, तर मोबाईल खिशात ठेवून समोर बसायचं.