तबकडीवरील चिठ्ठी आणि संग्राहकाची दृष्टी
(सी. रामचंद्र यांच्या संगीताच्या रसिकवर्गाचा एक विचार)

चित्रपटसंगीताला विद्यापीठीय अभ्यासात उशिरा आणि काहीशा संकोचानेच प्रवेश मिळाला. तत्पूर्वी कित्येक वर्षे या संगीताची नोंद ठेवण्याचे, त्याचा कालक्रम लावण्याचे व कर्तृत्वाविषयीचे वाद मिटविण्याचे काम कोणी केले असेल, तर ते तबकड्या जमविणाऱ्या रसिकांनी. या उद्योगाला ‘हौस’ असे नाव देऊन तो बाजूस सारण्याची अभ्यासकांची प्रवृत्ती आहे. उलट, या संग्राहकांचा शब्द अखेरचा मानून त्यांच्या याद्यांवरून निःशंकपणे विधाने करण्याची सवयही अलीकडे वाढली आहे. या दोन्ही भूमिकांत एकच उणीव आहे. संग्राहकाची दृष्टी कशाने घडली, हा प्रश्न त्यांपैकी एकीलाही पडत नाही. सी. रामचंद्र यांच्या संगीताभोवती जमलेला रसिकवर्ग या प्रश्नाच्या विचारास विशेष उपयोगी आहे.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ साली पुणतांबे येथे झाला व मृत्यू १९८२ साली. गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिक्षण, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीवादकाची नोकरी, मग काही तमिळ चित्रपट आणि १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून हिंदी चित्रपट, असा त्यांचा आरंभीचा प्रवास आहे. ‘शहनाई’ (१९४७), ‘अलबेला’ (१९५१), ‘अनारकली’ (१९५३), ‘आजाद’ (१९५५) व ‘नवरंग’ (१९५९) ही त्यांची सर्वांस ठाऊक असलेली कामे होत. परंतु संग्राहकाला मोह पडतो तो त्यांच्या नावांचा. संगीतदिग्दर्शक म्हणून ते कोठे सी. रामचंद्र आहेत, कोठे राम चितळकर, तर कोठे अण्णासाहेब. गायक म्हणून ते नुसतेच चितळकर आहेत. एकाच तबकडीवर गायक व संगीतदिग्दर्शक यांची दोन वेगळी नावे असावीत आणि माणूस मात्र एकच असावा, ही स्थिती ज्याला ठाऊक नाही त्याची यादी पहिल्या पानावरच चुकते. त्यातून ‘आजाद’मधील लता मंगेशकरांबरोबरच्या युगुलगीतात चितळकरांचा आवाज तलत महमूद यांच्या इतका जवळ गेला आहे, की केवळ कानांवर विसंबणारा श्रोताही तेथे हमखास फसतो. चिठ्ठी वाचणारा व कान देणारा अशा दोघांनाही चकविणारा हा संगीतकार संग्राहकांना प्रिय व्हावा, यात नवल नाही.

या रसिकवर्गाच्या जडणघडणीत नभोवाणीचा वाटा मोठा आहे. १९५२ पासून काही वर्षे आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले व १९५७ साली विविध भारती सुरू होईपर्यंत श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. लहरींच्या खरखरीतून ऐकलेले गीत पुन्हा केव्हा ऐकावयास मिळेल याचा भरवसा नसे. म्हणून श्रोता वही घेऊन बसे आणि निवेदकाने उच्चारलेले चित्रपटाचे, गायकाचे व संगीतदिग्दर्शकाचे नाव टिपून ठेवी. सिलोनवर सैगलांच्या गीताने संपणारा सकाळचा जुन्या गीतांचा कार्यक्रम हा अशा वह्यांचा नित्यपाठच झाला. तबकडी विकत घेण्याची ऐपत पुष्कळांना पुढे आली, तोपर्यंत ती दुकानांतून नाहीशी होऊन मुंबईच्या चोरबाजारात व पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन पडली होती. तात्पर्य, संग्रहाचा आरंभ वस्तूपासून झाला नाही. तो नोंदीपासून झाला. या वर्गातील जाणकार कोणत्याही वादाचा आरंभ गीताच्या गुणाने न करता तबकडीच्या क्रमांकाने का करतो, याचे उत्तर येथे आहे.

या नोंदींचे सर्वांत प्रौढ फळ म्हणजे कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी १९८० पासून दशकवार खंडांत प्रसिद्ध केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’. ‘आलम आरा’ (१९३१) पासूनच्या चित्रपटांची वर्षवार नोंद, प्रत्येक चित्रपटातील गीते, त्यांचे गीतकार, गायक, संगीतकार व तबकड्यांचे क्रमांक एवढी सामग्री त्यात आहे, आणि ती कोणत्याही संस्थेने सोपविलेली नसता श्रोत्यांच्या पत्रव्यवहारातून उभी राहिली आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी तिची तुलना करणे प्रथमदर्शनी अतिरेकाचे वाटेल. तथापि प्रश्नांची जात तीच आहे. चित्रपटातील गीत व तबकडीवरील गीत हे अनेकदा दोन पाठ असतात. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे सव्वातीन मिनिटांत संपते. म्हणून चित्रपटातील एखादे कडवे किंवा आरंभीची आलापी तीवर नसते. चाळिशीच्या दशकात तर तबकडीसाठी गीत अनेकदा पुन्हा गाऊन घेतले जाई. पुढील काळात जुन्या गीतांवर नवे ताल चढवून काढलेल्या ‘झंकार’ आवृत्त्यांना प्रक्षेप याहून निराळे नाव देता येत नाही. ज्यांचे चित्रपट नष्ट झाले त्यांच्या बाबतीत तर तबकडी हीच एकमेव प्रत उरते. २००३ साली पुण्यात नायट्रेट फितींच्या साठ्याला लागलेल्या आगीनंतर तिचे मोल अधिकच जाणवावे. हे पाठभेद प्रथम ओळखले ते संग्राहकांनी, हे मान्य करण्यात अभ्यासकांनी कमीपणा मानू नये.

परंतु ज्या चिठ्ठीने संग्राहकाला एवढी शिस्त दिली, तिनेच त्याच्या दृष्टीला मर्यादाही घातली. तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या त्या गोल कागदावर जे छापले, ते यादीचे रकाने झाले. जे छापले नाही, त्याला रकानाच उरला नाही. चिठ्ठी चुकीचे सांगते तेथे संग्राहक तिला निर्भयपणे दुरुस्त करतो. ‘महल’ (१९४९) मधील सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव होते. ते लता मंगेशकरांचे गाणे आहे, हे आज सर्वांस ठाऊक आहे. ‘अनारकली’चे संगीत सी. रामचंद्रांचे खरे, पण त्यांच्याआधी ते काम वसंत प्रकाश यांच्याकडे होते व गीता दत्त यांनी गायिलेले त्यांचे एक गीत चित्रपटात तसेच राहिले. हा तपशील रसिकांनी इतक्या निष्ठेने जपला आहे, की त्या चित्रपटाची स्तुती करतानाही ते एवढे गीत काळजीपूर्वक वगळतात. मात्र जेथे चिठ्ठी चुकत नाही, नुसती गप्प राहते, तेथे संग्राहकही गप्प राहतो.

‘अलबेला’चे उदाहरण घ्यावे. भगवान यांच्या या चित्रपटातील नृत्यगीतांचा जोम ज्या वाद्यवृंदावर उभा आहे त्यात ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बोंगो ही वाद्ये आहेत. ती वाजविणारे बहुतांश गोव्याचे ख्रिस्ती वादक होत. त्यांपैकी आंतोनिओ झेवियर वाझ हे अल्दोन्याचे. ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ट्रंपेट वाजवून त्यांनी कीर्ती मिळविली होती व सी. रामचंद्रांचे ते साहाय्यक होते. ‘अलबेला’त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. म्हणजे प्रेक्षकाला जो माणूस डोळ्यांनी दिसतो, तो तबकडीच्या चिठ्ठीवर नाही, आणि म्हणून यादीतही नाही. त्या काळची रीत अशी होती, की संगीतदिग्दर्शक चाल पेटीवर वा गळ्याने सांगे आणि पाश्चात्त्य स्वरलेखन जाणणारा साहाय्यक ती लिहून घेऊन तिच्या आगेमागे वाद्यखंड रची. हे लेखनाचे कागद ध्वनिमुद्रणानंतर सहसा कोणी सांभाळले नाहीत. गीताच्या पहिल्या ओळीपूर्वी जे काही सेकंद ऐकताच रसिक गीत ओळखतो व मान डोलावतो, ते सेकंद नेमके कोणाचे, याचे उत्तर त्यामुळे पुष्कळदा देता येत नाही. ग्रेगरी बूथ यांनी वयोवृद्ध वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तोपर्यंत अनेक वादक हयात नव्हते. चिक चॉकलेट तर १९६७ सालीच निवर्तले होते. संग्राहक मात्र त्या सर्व काळात मुंबईतच, त्या वादकांच्या हाकेच्या अंतरावर, तबकड्यांचे क्रमांक ताडून पाहत होते. हा दोष त्यांच्या आळसाचा नव्हे. विचारावयाचा प्रश्नच चिठ्ठीने त्यांना सुचविला नाही.

याचा परिणाम केवळ माहितीवर होत नाही, मूल्यमापनावरही होतो. सी. रामचंद्रांच्या रसिकांत एक जुना पंक्तिप्रपंच आहे. ‘अनारकली’चे सी. रामचंद्र खरे आणि ‘शहनाई’-‘अलबेला’चे सी. रामचंद्र बाजारासाठी, असे मानणारा पक्ष प्रबळ आहे. मराठी वृत्तपत्रीय लेखनानेही त्याला पुष्कळदा बळ दिले. ‘समाधी’ (१९५०) मधील लोकप्रिय गीताची चाल कार्मेन मिरांडा यांच्या १९४५ च्या एका अमेरिकी चित्रपटगीतावरून आली, हे दाखवून देऊन हा पक्ष आपला निकाल देतो. वस्तुतः ही विभागणी संगीताच्या पुराव्यावर टिकत नाही. ‘अनारकली’त हेमंतकुमार व लता यांचे गंभीर युगुलगीत बागेश्रीत आहे, दोनच वर्षांनी ‘आजाद’मध्ये राधेच्या रुसव्याचे खेळकर गीतही बागेश्रीतच आहे. रागाचे स्वरूप दोन्हीकडे स्पष्ट राहते, पण पहिल्यात मध्यमावर रेंगाळणारी चाल दुसऱ्यात लहान लहान तुकड्यांत मोडून नाचू लागते. ‘अलबेला’तही बँडच्या गीतांशेजारी पिलूच्या वळणाची अंगाई सुखाने नांदते. दोन्हीकडे चाल आखूड, ओळ गुणगुणण्यास सोपी आणि अक्षराला जागा देणारी आहे. भेद आहे तो वाद्यवृंदाच्या वजनात. आणि वाद्यवृंदाचे कर्तृत्व ज्याच्या यादीत नाही, त्याला तो भेद संगीतकाराच्या निष्ठेतील भेद वाटतो. प्रतिभेची दोन रूपे कल्पिण्याऐवजी एकच चालकार निरनिराळ्या साहाय्यकांसह कसा काम करतो, हे पाहिले असते तर वादाचा मोठा भाग उरलाच नसता.

दुर्मिळतेला गुण मानण्याची या वर्गाची खोड सर्वांस परिचित आहे. तिच्यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. न चाललेल्या चित्रपटातील गीत केवळ कोणाकडे नाही म्हणून थोर ठरत नाही, एवढे म्हटले की पुरे. अधिक विचार करण्यासारखी गोष्ट भाषेची आहे. हिंदी चित्रपटांच्या कोशात सी. रामचंद्रांचे मराठी काम येणार नाही, हे उघड आहे. पण त्यामुळे ‘घरकुल’ (१९७०) सारख्या चित्रपटाचे संगीत ‘उतारवयातील’ म्हणून एका बाजूस पडते, आणि ‘जयक्कोडी’, ‘वनमोहिनी’ या आरंभीच्या तमिळ चित्रपटांचा विचार तर जवळजवळ होतच नाही. एका संगीतकाराची घडण तीन भाषांत झाली असता तिचा आरंभ व शेवट दोन्ही कोशाबाहेर राहावेत, ही स्थिती समाधानकारक नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र ‘माझ्या जीवनाची सरगम’ मराठीत असल्यामुळे मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. परंतु ते वाचणाऱ्या रसिकांचे लक्ष व्यक्तिगत प्रसंगांच्या उकलीकडे जितके गेले, तितके कारागिरीविषयीच्या मजकुराकडे गेले नाही.

आज ध्वनिमुद्रणे सर्वांस सुलभ झाली आहेत. गीत जवळ असणे हा आता संग्राहकाचा विशेषाधिकार नाही. त्याच्याजवळ जे अद्याप आहे व अन्यत्र नाही, ते म्हणजे त्याच्या वह्या, आलेली पत्रे आणि दोन पाठ शेजारी ठेवून केलेल्या टिपणी. घरातील वडीलधारा गेला की तबकड्यांना गिऱ्हाईक मिळते. वह्या मात्र रद्दीत जातात. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हस्तलिखिते स्वीकारण्याची पद्धत ठाऊक आहे, छापील ग्रंथांचीही आहे; रेडिओ ऐकता ऐकता पेन्सिलीने भरलेली शंभर पानी वही दाखलनोंदीत कोणत्या सदराखाली घ्यावी, हे ठरलेले नाही. ते ठरवून अशा वह्या मिळविणे व त्यांतील नोंदींच्या शेजारी साहाय्यक आणि वादक यांचे दोन नवे रकाने आखून, चित्रपटांच्या श्रेयनामावल्या, प्रसिद्ध मुलाखती व वादकांच्या कुटुंबीयांच्या आठवणी यांच्या आधारे ते भरावयास घेणे, हे काम एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील आहे. ‘शहनाई’पासून ‘आजाद’पर्यंतची आठ-नऊ वर्षे त्यासाठी आरंभी पुरेशी होतील.