देव बोलतो, पण मंडळी कुठे गेली?

सिनॉप्सिसच्या सादरीकरणात एक प्रश्न ठरलेला असतो. तुम्ही विषय सांगता, दोन स्लाइड पुढे जाता आणि समितीतलं कोणीतरी विचारतं, "सगळं ठीक आहे, पण हे मोजणार कसं?" विषय रसायनशास्त्रातला असेल तर उत्तर सोपं असतं, निदान दिसायला तरी. पण समजा तुमचा विषय श्रद्धा असेल तर? एका चर्चमध्ये दर रविवारी जमणारी माणसं म्हणतात, "देव माझ्याशी बोलला." आता हे कुठल्या पट्टीनं मोजायचं?

हा प्रश्न अंगावर घेतलेलं एक पुस्तक आहे. ते तुम्ही वाचावं, आणि वाचून झाल्यावर त्याच्याशी भांडावं, असं मला वाटतं. टान्या लुहरमन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं 'व्हेन गॉड टॉक्स बॅक' (2012). लुहरमनबाई स्टॅनफर्डला शिकवतात. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, पण मुंबईच्या पारशी समाजावरचं 'द गुड पारसी' (1996) हे पुस्तक त्यांचंच. या वेळचं त्यांचं क्षेत्र म्हणजे 'व्हिनयार्ड' नावाची चर्चेस. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही चळवळ जॉन विंबर यांच्या नेतृत्वाखाली वाढली. गिटारवरची गाणी, साधा पेहराव आणि देव अगदी जवळचा, घरातला असल्यासारखी प्रार्थना. लुहरमनबाई शिकागोतल्या अशा एका मंडळीत दोन वर्षांहून अधिक काळ जात राहिल्या, नंतर कॅलिफोर्नियातल्या एका मंडळीत. रविवारची उपासना तर होतीच. शिवाय आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमणारा छोटा गट, म्हणजे आपल्याकडच्या काही मंडळ्यांत ज्याला कॉटेज मीटिंग म्हणतात तसला प्रकार. त्यातही त्या बसल्या.

त्यांचा प्रश्न साधा आहे. शिकलेली, नोकरी करणारी, डोकं ठिकाणावर असलेली माणसं 'देव माझ्याशी बोलतो' असं कसं काय म्हणू शकतात? देव आहे की नाही, यावर त्या निवाडा देत नाहीत. तो माझ्या शास्त्राचा प्रश्नच नाही, अशी त्यांची भूमिका. (मुलाखतीला जाणाऱ्यांनी ही भूमिका नीट समजून घ्या. 'तुमचा यावर विश्वास आहे का?' हा प्रश्न तुम्हालाही येणार आहे.) त्यांचं उत्तर असं की हे ऐकणं आपोआप येत नाही, ते शिकावं लागतं. माणूस चर्चमध्ये आला की त्याला सांगितलं जातं, तुझ्या मनात येणारे सगळेच विचार तुझे नसतात, त्यातले काही देवाचे असतात. मग ते ओळखायचे कसे? त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. एरवी तुम्ही स्वतःहून केला नसता असा तो विचार आहे का? पवित्र शास्त्रातल्या देवाच्या स्वभावाशी जुळतो का? इतर कशातून किंवा इतरांच्या प्रार्थनेतून त्याला दुजोरा मिळतो का? आणि तो आल्यावर मनाला शांतता वाटते का?

पुस्तकाचा हा भाग मला फार आवडतो. एखादी बाई देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून समोर ठेवते आणि गप्पा मारत बसते. कोणी संध्याकाळ राखून ठेवतं, फक्त देवासोबत फिरायला. हे वाचताना हसू येऊ शकतं, पण लुहरमनबाई हसत नाहीत आणि तुम्हालाही हसू देत नाहीत. त्या दाखवतात की कप ठेवणाऱ्या बाईला पक्कं माहीत आहे की कॉफी कोणी पिणार नाही. तरीही तो कप ठेवायचा, कारण ठेवल्यानं काहीतरी घडतं. नैवेद्य दाखवणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आता नीट बघा, या शिकण्यात एकटेपणा जवळजवळ कुठेच नाही. रोज कुठला शर्ट घालू, हे देवाला विचारलंत तर कोणी आड येत नाही. पण नोकरी सोडून दुसऱ्या शहरात जा, असं देवानं सांगितल्याचं तुम्ही म्हणालात, तर गटातले लोक थांबवतात, आपण सगळे मिळून प्रार्थना करू म्हणतात. कोणाच्या म्हणण्याला माना डोलावतात, कोणाच्या म्हणण्यावर शांतता पसरते, आणि त्या शांततेतून नवख्याला कळतं की हा आवाज बहुधा देवाचा नव्हता. उपासनेनंतर प्रार्थनेसाठी पुढे आलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून दुसरी माणसं प्रार्थना करतात, आणि तो रडतो. देवाचं प्रेम त्याला कळतं ते या हातांमधून. पुस्तकाची पहिली काही प्रकरणं म्हणजे 'श्रद्धा ही मंडळी मिळून घडवते' याचा मी वाचलेला सर्वांत भक्कम पुरावा.

आणि मग बाई मोजायला बसतात. इथून माझी तक्रार सुरू होते.

त्यांच्या लक्षात आलं होतं की सगळ्यांना हे सारखं जमत नाही. काहींना देव रोज भेटतो, काही वर्षानुवर्षं प्रार्थना करून कोरडे राहतात आणि त्याची खंत बोलून दाखवतात. हा फरक कशामुळे? त्यांनी तल्लीनता मोजणारी एक प्रश्नावली घेतली. तिचं नाव टेलेजन अ‍ॅब्सॉर्प्शन स्केल, 1974 सालची, 34 वाक्यांची. संगीत, निसर्ग, कल्पना यांत तुम्ही किती हरवून जाता, अशा धर्तीची वाक्यं; लागू पडतं की नाही एवढं सांगायचं. मंडळीतल्या 28 जणांना ती दिली. ज्यांचे गुण जास्त, त्यांच्या मनातल्या प्रतिमा जास्त ठळक, आणि कानांनी, डोळ्यांनी काहीतरी अनुभवल्याचं तेच जास्त सांगतात. उलट कोण रोज किती वेळ प्रार्थना करतं, याचा या गुणांशी संबंध दिसला नाही.

28 ही संख्या छोटी आहे हे खरं, पण तेवढ्यावरून नाक मुरडू नका. 'सॅम्पल साइझ कमी आहे' ही टीका करायला वाचन लागत नाही. खरी अडचण वेगळी, आणि ती लुहरमनबाईंना आमच्या-तुमच्या आधी दिसली होती. तल्लीन होणारी माणसंच अशा चर्चकडे ओढली जातात, की प्रार्थनेनं माणूस बदलतो? सहसंबंधावरून हे कळत नाही. म्हणून त्यांनी प्रयोग केला. शंभराहून अधिक ख्रिस्ती माणसं घेतली, ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांत वाटली, प्रत्येकाला एक आयपॉड दिला. एका गटाच्या आयपॉडवर कल्पनेतून करायची प्रार्थना होती: स्तोत्र 23 सारखा उतारा ऐकायचा आणि तो मेंढपाळ डोळ्यांसमोर आणून त्याच्याशी बोलायचं. दुसऱ्या गटाला शुभवर्तमानांवरची विद्यापीठीय व्याख्यानं. रोज अर्धा तास, आठवड्यातून 6 दिवस, 4 आठवडे. एकूण 12 तास. प्रार्थना करणाऱ्यांच्या मनातल्या प्रतिमा अधिक ठळक झाल्या, देव 'व्यक्ती'सारखा जाणवण्याचं प्रमाण वाढलं, संगणकावरच्या काही चाचण्यांतही फरक दिसला.

मानववंशशास्त्रात रँडमायझेशन करायला हिंमत लागते, त्याबद्दल बाईंना सलाम. पण त्या आयपॉडकडे परत एकदा बघा. माणूस घरात एकटा, कानात इअरफोन. ना कोणाचा हात खांद्यावर, ना कोणाची मान डोलतेय, ना ती अवघडलेली शांतता. पहिल्या प्रकरणांत जे जे कारण म्हणून दाखवलं, ते सगळं प्रयोगाच्या दाराबाहेर राहिलं. आणि कंट्रोल ग्रुपमध्येही तेच: व्याख्यानं ऐकणाराही एकटाच. प्रयोग म्हणजे शेवटी वजाबाकी असते. दोन्ही बाजूंना जी गोष्ट सारखीच गैरहजर आहे, तिचा परिणाम उत्तरात उतरणारच नाही. हा प्रयोग 'प्रार्थनेचा सराव विरुद्ध माहिती' एवढ्याचं उत्तर देतो, आणि चांगलं देतो. मंडळीबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. पण पुस्तकात तो अशा जागी आणि अशा वजनानं येतो की वाचकाला वाटतं, मघाचं वर्णन आता सिद्ध झालं.

कोणी म्हणेल, भाग घेणारे सगळे चर्चला जाणारेच होते, म्हणजे मंडळी त्यांच्या आत होतीच की. अगदी बरोबर! पण मग हे 12 तास काम करतात ते आधीच्या कित्येक वर्षांच्या रविवारांच्या जोरावर, की एकटेही करू शकतात? हे कळायला आणखी एक गट हवा होता. तेच रेकॉर्डिंग, तेवढाच वेळ, पण सहा-आठ जणांनी एका खोलीत बसून ऐकायचं आणि नंतर काय दिसलं ते एकमेकांना सांगायचं. अवघड आहे का? आहे. गट घेतला की आकडेमोड किचकट होते, एका गटातली माणसं एकमेकांवर परिणाम करतात, सांख्यिकीच्या दृष्टीनं ती स्वतंत्र राहत नाहीत. पण 'एकमेकांवर परिणाम करतात' हाच तर अभ्यासाचा विषय होता! जे संख्याशास्त्राला त्रासदायक तेच इथे मुद्द्याचं, अशी परिस्थिती तुमच्या विषयात आली तर थांबून विचार करा. डिझाइन सुटसुटीत व्हावं म्हणून आपण बहुतेक वेळा तोच भाग कापतो.

याचा एक परिणाम मला जास्त खटकतो. त्या कोरड्या राहिलेल्या माणसांचं काय? प्रश्नावलीच्या भाषेत उत्तर सोपं आहे: तल्लीनतेचे गुण कमी, म्हणून ऐकू येत नाही. ठीक. पण मग ती माणसं दर आठवड्याला येतात कशाला? ज्याला देव कधीच बोललेला नाही तोही वर्षानुवर्षं खुर्च्या लावतो, कोणी आजारी पडलं की जेवण पोहोचवतो, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. त्याच्या श्रद्धेला काय म्हणायचं? कुठल्याही छोट्या मंडळीत गेलात तर अशी माणसं भेटतील, आणि मंडळी चालते ती बऱ्याच अंशी त्यांच्यावर. लुहरमनबाईंच्या सिद्धांताची खरी कसोटी ही माणसं आहेत. पुस्तकात त्यांची खंत येते, त्यांचं टिकून राहणं मात्र जवळजवळ येत नाही. आलेखावर ती डाव्या कोपऱ्यातले ठिपके होऊन राहतात.

मराठीत आपण चर्चला 'मंडळी' म्हणतो. मराठी बायबलमध्येही तोच शब्द आहे. इमारत नव्हे, जमलेली माणसं. आपल्या भाषेतलं या विषयावरचं सर्वांत जिवंत साधन म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या पाच वर्षांत काय घडलं ते वाचा. सोवळं-ओवळं सांभाळणारी बाई कोणाच्या हातचं पाणी, कोणाच्या पंगतीला बसणं, कोणाचं मूल कडेवर घेणं यातून हळूहळू बदलत जाते. एकांतातला विचार त्यात आहे, नाही असं नाही. पण तो विचार करायला भाग पाडतात ती भोवतालची माणसं. ही आत्मकथा आहे, पुरावा म्हणून तिच्या मर्यादा आहेत हे मान्य. तरी 34 वाक्यांच्या प्रश्नावलीतून पाणी कोणाच्या हातचं प्यायलं हे कधीच निघालं नसतं.

आता बाईंच्या बाजूनं एक गोष्ट, आणि ती मोठी आहे. पुढच्या काळात त्यांनीच आपलं काम या दिशेला नेलं. अक्रा आणि चेन्नई इथल्या अशाच धाटणीच्या चर्चेसमध्ये त्यांनी अभ्यास केला. त्याशिवाय चर्चशी संबंध नसलेला एक वेगळा अभ्यास आहे: स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांना ऐकू येणारे आवाज. कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, अक्रा आणि चेन्नई, प्रत्येक ठिकाणची 20 माणसं. अमेरिकेतल्यांना ऐकू येणारे आवाज बहुतेक अनोळखी आणि हिंसक होते. चेन्नईत निम्म्याहून अधिक जणांना आई-वडील, सासू, भावंडं अशा नातलगांचे आवाज येत, आणि ते घरकाम कर, आंघोळ कर असलं काहीतरी सांगत. म्हणजे आजारातला आवाजसुद्धा एकट्याच्या डोक्यात तयार होत नाही, आजूबाजूची माणसं त्यात शिरतात. हा निष्कर्ष समोर ठेवून आयपॉडचा प्रयोग पुन्हा वाचला की त्यात काय नाही ते लखकन दिसतं.

पुस्तक हातात घेणार असाल तर एक सुचवते. आधी प्रयोगाचं प्रकरण वाचा. त्यातले सगळे व्हेरिएबल एका कागदावर लिहून काढा. मग सुरुवातीला या आणि घरातल्या गटाची वर्णनं वाचताना, तिथे घडणारी जी गोष्ट तुमच्या कागदावर नाही तिच्याखाली पेन्सिलनं रेघ मारत जा. लायब्ररीची प्रत असेल तर अर्थात झेरॉक्सवर.