अनुरणन आणि अर्थ

ध्वनिसिद्धान्ताच्या विवेचनात घंटेच्या अनुरणनाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. टोल पडतो, आणि टोल संपल्यावरही नाद रेंगाळत राहतो; त्याचप्रमाणे वाच्यार्थ कळून चुकल्यावर व्यंग्यार्थ क्रमाक्रमाने उलगडत जातो. आनंदवर्धनाच्या परंपरेतील हा दृष्टान्त पाठ्यपुस्तकांतून इतका फिरला आहे की त्यातली घंटा कोणी ऐकेनासे झाले आहे. ती घंटा प्रत्यक्ष कानांनी तपासून पाहण्याचा योग १९४८ साली पॅरिसमध्ये आला. फ्रेंच नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफरने (१९१०–१९९५) घंटेचे ध्वनिमुद्रण करताना टोल पडण्याचा क्षण वगळला आणि मागे उरणारा नाद तेवढा तबकडीवर घेतला. जे ऐकू आले ते घंटेसारखे नव्हते. एखाद्या सुषिर वाद्याचा लांबवलेला स्वर वाटावा, असे ते काही होते. टोलापासून तोडलेले अनुरणन घंटेचे राहत नाही, हे त्या छोट्याशा प्रयोगाने सिद्ध केले.

काव्यशास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ बराच दूरवर जातो. व्यंग्याच्या महतीने भारावून वाच्यार्थाला तुच्छ लेखण्याची एक सवय समीक्षेला जडली आहे. वाचकाच्या मनात जे काही तरळले ते सर्व कवितेचे अनुरणन, असे तीत समजले जाते. आनंदवर्धन मात्र या बाबतीत सावध होता. ज्याला प्रकाश हवा तो दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, हा त्याचाच दाखला. शेफरच्या घंटेने त्या सावधपणाला कानांची साक्ष मिळवून दिली, इतकेच.

पुढील वीस-पंचवीस वर्षांत युरोप-अमेरिकेतील काही संगीतकारांनी मानवी वाणीवर असेच प्रयोग केले. अर्थ काढून घेतल्यावर शब्दात काय उरते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला कागदावरच सोडवावा लागतो. या संगीतकारांनी तो ध्वनिफितीवर मांडला. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नावाने जे जे निर्माण झाले त्यातले पुष्कळसे कंटाळवाणे आहे, हे प्रारंभीच मान्य केलेले बरे. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेनच्या (१९२८–२००७) १९५३ आणि १९५४ च्या दोन ‘श्टूडिए’ इतिहासाच्या दृष्टीने कितीही महत्त्वाच्या असल्या, तरी त्या ऐकताना प्रयोगशाळेतील नोंदवही चाळल्यासारखे वाटते. परंतु त्याच श्टॉकहाउझेनने कोलोनच्या नभोवाणी केंद्रात १९५५-५६ मध्ये सिद्ध केलेली ‘गेझांग डेअर युंगलिंग’ ही सुमारे तेरा मिनिटांची रचना वेगळ्या कोटीतली आहे.

धगधगत्या भट्टीत टाकलेले तीन तरुण ईश्वराची स्तुती गातात, हा बायबलमधील दानिएलाच्या कथेशी जोडलेला प्रसंग तिचा आधार. एका मुलाचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचे तुकडे यंत्रनिर्मित स्वरांत असे विणले आहेत की कोणता ध्वनी कंठातून आला आणि कोणता यंत्रातून, हे कित्येक ठिकाणी सांगता येऊ नये. शब्द कधी स्वच्छ कळतात, कधी अर्धवट, कधी मुळीच नाही; आणि आकलनाच्या या पायऱ्याच रचनेचा कणा आहेत. ईश्वराच्या स्तुतीचे आवाहन करणारे शब्द मधूनच स्पष्ट वर येतात आणि पुन्हा ज्वाळांत बुडतात. श्टॉकहाउझेनने त्या सुमारास बॉनमध्ये मायर-एप्लर यांच्याकडे ध्वनिविज्ञानाचा अभ्यास केला होता. भाषेतील स्वर हे संगीताच्या स्वराचे आप्त आणि व्यंजने ही गोंगाटाची, हे त्याला त्या शास्त्रातून मिळाले. मराठी वाचकाला याचे पूर्वार्धापुरते नवल वाटू नये. आपल्याकडे दोहोंना ‘स्वर’ हाच शब्द आहे. नवल आहे ते उत्तरार्धाचे. आपल्या संगीतविचाराने स्वराला सिंहासन दिले आणि व्यंजनाला दाराशी उभे केले. ख्यालाच्या बंदिशीतील शब्द विलंबित लयीत विरघळतात तेव्हा आधी व्यंजने झिजतात, आणि ती झिजली याची खंत कोणी करीत नाही. ‘गेझांग’मध्ये ‘स’, ‘श’ यांची सळसळ, स्फोट-वर्णांचे आघात यांना स्वराच्या बरोबरीचे स्थान आहे. भट्टीचा जाळ दुसऱ्या कशातून नव्हे, या व्यंजनांतूनच ऐकू येतो.

लुचानो बेरिओने १९५८ मध्ये जॉइसच्या ‘युलिसीझ’मधील अकराव्या प्रकरणाचा प्रारंभ कॅथी बर्बेरियनच्या आवाजात घेऊन ‘तेमा’ ही रचना केली. आधी सरळ वाचन आणि मग त्याच वाचनाची ध्वनिफितीवरची मोडतोड. ती चतुर आहे. पण जॉइसच्या त्या प्रकरणात शब्दांनी आधीच संगीत होण्याचा ध्यास घेतलेला असल्यामुळे संगीतकाराला फारसे करावयाचे शिल्लक राहत नाही.

उलट ॲल्विन लुसिए (१९३१–२०२१) या अमेरिकन संगीतकाराने १९६९ साली ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ या रचनेसाठी जे गद्य घेतले ते कमालीचे निरलंकार आहे. एक माणूस खोलीत बसून चार-दोन वाक्ये बोलतो. आपण कुठे आहोत, काय करीत आहोत आणि त्याचा परिणाम काय होणार, एवढेच तो सांगतो. ते बोलणे ध्वनिमुद्रित होते. ती फीत त्याच खोलीत वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केली जाते. मग त्या दुसऱ्या फितीची तिसरी, तिसरीची चौथी. प्रत्येक खोलीचे, तिच्या लांबी-रुंदी-उंचीनुसार ठरणारे, काही स्वतःचे स्वर असतात. बोलण्यातील जे स्वर त्यांच्याशी जुळतात ते प्रत्येक आवृत्तीत बळावतात, इतर क्षीण होतात. १९८० मध्ये मिडलटाउन येथील राहत्या घरी केलेल्या ध्वनिमुद्रणात अशा बत्तीस आवृत्त्या असून त्याला सुमारे पाऊण तास लागतो. शेवटी बोलणे उरत नाही. काचेच्या भांड्यांवरून बोट फिरवावे तसे लांब, निथळ नाद तेवढे तरंगत राहतात.

हे सारे पदार्थविज्ञानाचे प्रात्यक्षिक आहे, यात कला कोठे, असा आक्षेप घेता येईल. तो लुसिएलाही सुचला असावा, कारण त्याच्या निवेदनाचे शेवटचे वाक्य त्याचेच उत्तर आहे. आपल्याला या प्रक्रियेत भौतिक सत्याच्या प्रात्यक्षिकापेक्षा स्वतःच्या बोलण्यातील खाचखळगे बुजवण्याचा उपाय अधिक दिसतो, अशा आशयाचे ते आहे. लुसिए तोतरा होता. या ध्वनिमुद्रणात ‘लय’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापाशी तो अडखळतो, आणि ते अडखळणे त्याने तसेच राहू दिले आहे. या एका गोष्टीने रचनेची जात बदलते. ज्या माणसाला आयुष्यभर शब्दाने अडवले तो शब्द खोलीच्या स्वाधीन करतो आणि खोली तो शब्द स्वच्छ सुरात परत करते. मात्र त्यात तो माणूस राहिलेला नसतो. हे अनुकंपेने सांगितले असते तर भाबडे झाले असते. निवेदन म्हणून कविता घेतली असती तर तिच्या विनाशाचा शोक करण्याची सोय श्रोत्याला मिळाली असती. सपाट गद्याने ती सोय ठेवली नाही, हे या रचनेचे मोठे बळ आहे.

ऐकताना कसोटीचा भाग मधला आहे. पहिल्या काही आवृत्त्यांत आवाजाभोवती नुसते धातूचे धुके जमते, रिकाम्या टाकीत कोणी बोलावे तसे. पुढे व्यंजनांच्या कडा जातात. दहा-बारा आवृत्त्यांच्या आसपास एक विलक्षण अवस्था येते: शब्द ऐकू येत नाहीत, पण कळतात. कारण ते आता फितीवर नसून श्रोत्याच्या स्मृतीत असतात, आणि वाक्याचा चढउतार त्यांना हाका मारीत असतो. भर्तृहरीच्या परंपरेत पूर्वपूर्व वर्णांच्या संस्कारांसह अखेरचा वर्ण ऐकू आला म्हणजे पद प्रकट होते, असे मानले आहे. येथे त्याच व्यापाराची उलटी दिशा अनुभवास येते. संस्कार शाबूत असतात आणि वर्णच एकेक करून निघून जातात. म्हणूनच अर्थ नेमका कोणत्या आवृत्तीत संपला, याविषयी दोन श्रोत्यांचे एकमत होणार नाही. ज्याने ही रचना आधी ऐकली आहे त्याच्यापुरता अर्थ अधिक काळ जगतो. अडखळण्याची ती जागाही बरीच दूरपर्यंत ओळखू येते, हा या सुरळीत होण्यातला एक कडवट विनोद आहे.

असे ऐकणे भारतीय श्रोत्याला परके असण्याचे कारण नाही. ध्वनीचा उगम आणि अर्थ बाजूला ठेवून त्याचा देह ऐकावा, असे शेफरने १९६६ च्या आपल्या ग्रंथात मांडले. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात कोणत्याही तारेवर न लावलेला स्वयंभू गंधार शोधणारा कान हेच करीत असतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये, म्हणजे लुसिएच्या रचनेच्याच वर्षी, डेव्हिड ट्यूडरच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचे केंद्र उभे राहिले. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी तेथे काम केले. त्या ध्वनिफिती संग्रहरूपाने प्रकाशात यायला २०२३ साल उजाडावे लागले. मधल्या अर्धशतकात आपल्या संगीतसमीक्षेने यंत्राच्या ध्वनीला ‘गोंगाट’ या एका शब्दात निकालात काढले आणि साहित्यसमीक्षेने तर त्याची दखलच घेतली नाही. आकाशवाणीत नोकरी केलेल्या आणि संगीतिका लिहिणाऱ्या मर्ढेकरांनी साहित्याचे माध्यम ध्वनी नव्हे, भावनात्मक अर्थ होय, असा निर्वाळा दिला होता. त्या निर्वाळ्याचे समर्थन वा खंडन करू पाहणाऱ्याला लुसिएच्या पाऊण तासाहून चांगले साधन मिळणे कठीण.

अनुवादकाच्या दृष्टीने तर या रचनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. लुसिएने आपल्या संहितेत दुसरा कोणताही मजकूर वापरण्याची, तसेच वेगवेगळ्या भाषांतील बोलणाऱ्यांकडून आवृत्त्या करून घेण्याची मोकळीक दिली आहे. कवितेचा अर्थ अनुवादात येतो, नाद मात्र हरवतो, हे विधान अनुवादाच्या चर्चेत विनातक्रार स्वीकारले जाते. खोलीत घडते ते याच्या नेमके उलट: अर्थ हरवतो आणि नाद उरतो. परंतु उरलेला नाद इंग्रजीचा नसतो, खोलीचा असतो. खोलीला भाषा येत नाही. तेव्हा अनुवादात जे हरवते ते नुसते नाद नव्हे. अर्थाला जुंपलेला नाद आणि नादाला जुंपलेला अर्थ यांमधला सांधा हरवतो. टोल आणि अनुरणन यांच्यामधलाच तो सांधा.

लुसिएचे निवेदन मराठीत करून त्याच खोलीत, त्याच रीतीने फिरवले तर काय होईल, याचा तर्क करता येतो. मराठीचे मराठीपण ज्यांत कानाला प्रथम जाणवते ते दोन तऱ्हेचे ‘च’ आणि ‘ज’, टवर्ग, महाप्राण हे सर्वांत आधी पुसले जातील. बत्तिसाव्या आवृत्तीत दोन्ही फितींवर खोलीचे तेच ते स्वर असतील. फरक राहील तो त्यांच्या येण्याजाण्यात. इंग्रजी वाक्य क्रियापद लवकर टाकून पुढे पसरत जाते. मराठी वाक्य सगळा भार घेऊन शेवटच्या क्रियापदाशी टेकते. त्या टेकण्याच्या जागी श्वासाएवढी जी पोकळी पडते, ती दुसऱ्या फितीवर दुसरीकडे पडलेली असेल.