परमिट रूमची भिंत : वऱ्हाडातील स्वयंशिक्षित चित्रकार आणि लोकप्रिय चित्र

जाहिराती, सिनेमाची पोस्टरे, मालाची वेष्टने, कॅलेंडरे आणि दुकानांच्या पाट्या यांतून रोज डोळ्यांपुढे येणाऱ्या प्रतिमांनाच चित्राचा विषय करणारी, आणि त्यांच्या भडक रंगांची व ठसठशीत रेषांची लाज न बाळगणारी जी कला १९५० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत पुढे आली, तिला पॉप आर्ट असे म्हटले जाते. अँडी वॉरहॉल याने १९६२ मध्ये लॉस एंजेलिस येथे सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली, तेव्हा किराणा दुकानातील फळी कलादालनात आली, असा त्या घटनेचा अर्थ लावला गेला. मात्र वॉरहॉल हा कलाशिक्षण घेतलेला, जाहिरातक्षेत्रात नाव मिळवलेला माणूस होता आणि बाजारातील प्रतिमा त्याने उचलून दालनात नेली होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. अमरावती-अकोल्याकडे पाहताना प्रश्न नेमका उलट होतो. येथे बाजारातील प्रतिमा घडवणारा पेंटर स्वतःच चित्रकार आहे, त्याला कोणी कलाशाळेत शिकवलेले नाही, आणि त्याचे चित्र जेथे लागते ती भिंत दालनाची नसून सलूनची, खानावळीची, टॉकीजची किंवा परमिट रूमची आहे. या चित्रकाराची योग्यता कोणत्या कसोटीने ठरवावी, याचा विचार मराठी कलासमीक्षेने फारसा केलेला नाही.

मद्यगृहात किंवा उपाहारगृहात चित्र लावणे हे हलकेपणाचे लक्षण आहे, ही समजूत इतिहासाला धरून नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने १८८७ मध्ये पॅरिसमधील एका स्वस्त खानावळीत आपली आणि मित्रांची चित्रे टांगली होती. १८८९ च्या पॅरिस महाप्रदर्शनाच्या आवारात पॉल गोगँ आणि त्याच्या सोबत्यांनी एका कॅफेच्या भिंतींवर प्रदर्शन मांडले, कारण अधिकृत कलाविभागात त्यांना जागा नव्हती. या दोघांचेही रीतसर कलाशिक्षण तुटपुंजे होते, आणि गोगँ तर शेअरबाजारातील नोकरी सोडून चित्रकलेकडे आला होता. पुढच्या काळात अमेरिकेतील जेम्स रोझेनक्विस्ट याने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उंच परांचीवर उभे राहून जाहिरातींचे फलक रंगवले आणि त्याच हाताने, त्याच भव्य मापाने पॉप आर्टमधील महत्त्वाची चित्रे काढली. फलक रंगवणारा हात आणि चित्र काढणारा हात एकच असू शकतो, हे त्याच्या कामाने दाखवून दिले.

महाराष्ट्राला हे दाखवून देण्याची गरज नव्हती, इतकी ती गोष्ट येथे जुनी आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, आणि त्याच बाबूरावांनी पुढे ‘सैरंध्री’ (१९२०) सारखे चित्रपट काढून त्यांची पोस्टरेही स्वतः घडवली. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची मुंबईतील पहिली कमाई सिनेमाच्या फलकांवरची होती. कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनी ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) चे फलक रंगवले. भारतातील पहिले पॉप चित्रकार म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते भूपेन खक्कर मुंबईत जन्मलेले, व्यवसायाने सनदी लेखापाल. रंगाचा हात त्यांनी स्वतःच बसवला. १९६५ मधील पहिल्या प्रदर्शनात त्यांनी देवादिकांच्या बाजारी छापील चित्रांचे तुकडे चिकटवून केलेली कामे मांडली आणि १९७० नंतर घड्याळदुरुस्तीचे दुकान, न्हाव्याचे दुकान, शिंप्याचे दुकान अशा साध्या व्यावसायिकांची चित्रे काढली. खक्करांनी दुकानाच्या पाटीकडे प्रेमाने पाहिले, हे खरे. तरीही पाटी रंगवणारा पेंटर त्या चित्रांमध्ये विषयच राहिला, आणि २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये खक्करांचे मोठे प्रदर्शन भरले तेव्हाही दालनात प्रवेश मिळाला तो पाटीच्या चित्राला.

वऱ्हाडातील परिस्थिती समजून घेण्यासाठी प्रथम टॉकीजकडे वळावे लागते. चित्रपटवितरणाच्या व्यवहारात हा प्रदेश आजही ‘सी.पी.-बेरार’ या ब्रिटिशकालीन नावाने ओळखला जातो, आणि अमरावतीत चित्रा चौक, श्याम चौक, सरोज चौक ही चौकांची नावे चित्रपटगृहांवरून पडलेली आहेत. दर आठवड्याला बदलणारा खेळ म्हणजे दर आठवड्याला बदलणारा फलक, आणि त्यासाठी लागणारे पेंटर याच गावात तयार झाले. त्यांची शाळा म्हणजे उस्तादाचे दुकान. पोरगा प्रथम डबे धुणार, मग पाटीला अस्तर मारणार, मग अक्षरांच्या पोटात रंग भरणार, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या हाती चेहरा येणार. छोट्या छायाचित्रावर उभ्या-आडव्या रेघा आखून तेवढेच चौकोन मोठ्या पृष्ठभागावर आखायचे आणि एकेका चौकोनातील भाग मोठा करत न्यायचा, या रीतीला पेंटर ‘ग्राफ मारणे’ म्हणतात. शालेय वयातील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा अनेकांनी दिलेल्या असतात. त्यापुढचे शिक्षण घेणाऱ्याची वाट बहुधा गावाबाहेर जाते. अकोल्यात १९२२ मध्ये जन्मलेले अंबादास खोब्रागडे अहमदाबादमार्गे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत गेले, १९६३ मध्ये दिल्लीत प्रदर्शन भरवणाऱ्या ‘ग्रुप १८९०’ या महत्त्वाच्या गटाचे सदस्य झाले आणि १९७२ पासून नॉर्वेत राहून अमूर्त चित्रे काढत राहिले. शिकलेला चित्रकार ऑस्लोला पोहोचला आणि न शिकलेला चित्रा चौकात राहिला, अशी ही फाटाफूट आहे, आणि वऱ्हाडची दृश्यसंस्कृती घडवण्याचे काम त्या राहिलेल्याने केले आहे.

हे काम कशाचे होते? पाट्यांखालोखाल ते संतांचे आणि पुढाऱ्यांचे होते. पायावर पाय घेऊन बसलेले शेगावचे गजानन महाराज. डोक्यावर खापर, अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती खराटा घेतलेले गाडगेबाबा. खंजिरी हाती घेतलेले मोझरीचे तुकडोजी महाराज. निळ्या कोटातील, संविधान हाती धरलेले बाबासाहेब आंबेडकर. या चार प्रतिमा वऱ्हाडातील पेंटराने इतक्या वेळा काढल्या आहेत की त्यांतून प्रतिमेच्या काटकसरीचे एक अस्सल ज्ञान त्याच्या हातात उतरले आहे. रस्त्याच्या पलीकडून, चालत्या एस.टी.च्या खिडकीतून गाडगेबाबा ओळखू यायचे असतील तर चेहऱ्याच्या सुरकुत्यांपेक्षा खापर आणि खराटा महत्त्वाचे ठरतात, हे त्याला कोणी पुस्तकातून सांगितलेले नाही. एखादी व्यक्ती दोन-तीन खुणांवर उभी करण्याचे हे कौशल्य पॉप आर्टच्या गाभ्याचे आहे, आणि ते हुबेहूबपणाहून वेगळे व अधिक अवघड आहे. समीक्षेने या चित्रांना ‘नक्कल’ म्हणून बाजूला ठेवले, हा त्यांच्यावरील अन्याय आहे. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते की या भिंतींवर चित्रकाराला विषयाची मोकळीक नसते. बाबासाहेबांच्या कोटाची निळाई किंवा गजानन महाराजांची बैठक बदलण्याचा अधिकार त्याला नाही, त्याने मागूही नये. भाविकाचा आणि अनुयायाचा त्या प्रतिमेवर त्याच्याइतकाच हक्क आहे.

परमिट रूमची भिंत नेमकी येथे वेगळी पडते. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्यपानाला परवाना आवश्यक ठरवला, तो कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला, आणि परवानाधारकांना मद्य देण्याची जागा ती परमिट रूम, असा शब्द रूढ झाला. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज या दोघांनीही आयुष्यभर दारूविरुद्ध प्रबोधन केले, तेव्हा त्यांची चित्रे येथे लागण्याचा प्रश्नच नाही. पुढाऱ्यांची चित्रेही कोणी लावत नाही. वऱ्हाडातील पेंटराच्या हाताला सर्वाधिक सराव असलेल्या प्रतिमा या एका जागी निषिद्ध आहेत. म्हणजे त्याच्या वाट्याला येणाऱ्या सगळ्या भिंतींमध्ये ही एकच भिंत अशी आहे की जिला ठरलेला विषय नाही. मालकाला फक्त भिंत भरलेली हवी असते, आणि पैसे चौरस फुटावर ठरतात. चित्रकाराला मोकळीक मिळण्याची शक्यता सबंध गावात असेल तर ती येथे आहे, आणि म्हणूनच या भिंतीची चिकित्सा कठोरपणे केली पाहिजे.

या भिंतीवर बहुधा दिसतो तो बर्फाचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी निळे तळे, धबधबा, उधळलेले घोडे, किंवा घागर घेतलेली स्त्री. ही सारी कॅलेंडरांतून आली आहेत. ज्या अकोल्यात मे महिन्यातील पारा ४५ अंशांपुढे जातो, तेथे संध्याकाळी टेकायला आलेल्या माणसाला समोर बर्फ दिसावा, या इच्छेत काही खोटे नाही. उन्हाने पोळलेल्या प्रदेशाची ती खरी तहान आहे, आणि तिला ‘पळवाट’ म्हणणाऱ्याने वऱ्हाडचा उन्हाळा पाहिलेला नसतो. प्रश्न आहे तो तहान कोणत्या पाण्याने भागवली याचा. अमरावती जिल्ह्यातच चिखलदरा आहे, पावसाळ्यात तेथील कड्यांवरून धबधबे कोसळतात, मेळघाटची साग-जंगले आहेत. तरी चित्रातले झाड सूचिपर्णीच राहते. जिनिंगच्या आवारातील कापसाचे डोंगर, पांढरेपणात बर्फाला हार न जाणारे, या भिंतीवर जवळजवळ येत नाहीत. घागरवाली स्त्री तर कॅलेंडरातही उसनीच होती, आणि पुरुषांच्या बैठकीत तिला शोभेची वस्तू म्हणून मांडताना चित्रकाराने तिच्याकडे पाहिलेलेच नसते. मोकळी भिंत मिळाली असता ती दुसऱ्याच्या प्रतिमेने भरून टाकणे हा स्वयंशिक्षित चित्रकलेचा वऱ्हाडातील मोठा दोष आहे.

कारागिरीच्या बाजूने मात्र या चित्रांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. येथे कॅनव्हास टिकत नाही: धूर आणि फोडणीचा तेलकट थर बसतो, कूलरच्या ओलीने गिलाव्याला पापुद्रे धरतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसता येणारा इनॅमल रंग वापरला जातो. प्रकाश मंद आणि बहुधा रंगीत असतो. तांबड्या दिव्याखाली तांबडा रंग फिका पडून पांढऱ्यात मिसळतो आणि निळा-हिरवा काळवंडतो, तेव्हा जे चित्र केवळ रंगछटांवर उभे असेल ते तेथे नाहीसे होते आणि ज्यात उजेड-अंधाराचे अंतर पक्के आहे, बाह्यरेषा जाड आहे, तेच टिकते. जाणता पेंटर हे ओळखून दिवसा उजेडात काम करतानाही रात्रीच्या दिव्याचा हिशेब ठेवतो. शिवाय येथे कोणी चित्र पाहण्यासाठी आलेले नसते, आणि तरी ग्राहक दोन तास त्या भिंतीसमोर बसतो. दालनातील प्रेक्षक एका चित्रापुढे इतका वेळ क्वचितच थांबतो. दोन तासांनंतरही ज्यात पाहण्यासारखे काही उरते असे चित्र येथे हवे, आणि बर्फाचा डोंगर पहिल्या पाच मिनिटांत संपतो.

ही गरज कशी भागवता येते याचे उत्तम उदाहरण मुंबईत कुलाब्याच्या कॅफे माँडेगारमध्ये आहे. गोव्यातील लोटलीचे व्यंग्यचित्रकार मारिओ मिरांडा यांनीही कलेचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते, आणि त्यांच्या रेखाटनांनी त्या कॅफेच्या भिंती भरलेल्या आहेत. मुंबईचे रस्ते, कॅफेतील गर्दी, आडदांड पुरुष, नटलेल्या बाया, कोपऱ्यातले कुत्रे असा हा पसारा एका बैठकीत पाहून होत नाही, आणि बसलेल्या ग्राहकाला त्यात आपल्यासारखा कोणी सापडतो. मारिओंकडे वर्तमानपत्रांतील व्यंग्यचित्रांचा दीर्घ सराव होता आणि मालकाने त्यांचे नाव जाणून त्यांना भिंत दिली होती, हे दोन्ही महत्त्वाचे. वऱ्हाडातील पेंटराची सही भिंतीच्या कोपऱ्यात असते, परंतु तिच्याखाली मोबाइल क्रमांक असतो. ती कर्तृत्वाची खूण होण्याऐवजी पुढच्या कामाची जाहिरात होते.

या भिंतीची मर्यादाही स्पष्टपणे मांडली पाहिजे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, तर इतर मद्यांसाठी २५ आहे. शिवाय अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत बहुसंख्य स्त्रिया या जागी पाऊल ठेवत नाहीत. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेली मुलगी, जिला हे चित्र पाहून सर्वाधिक लाभ झाला असता, तिला ते दिसत नाही. बारमधील प्रदर्शन हे निम्म्याहून कमी गावाचे प्रदर्शन असते, आणि केवळ त्यावर विसंबणारी कला एकाच प्रकारच्या नजरेला सवयीची होऊन एकसुरी बनते. घागरवाली त्यातूनच आली आहे.

गेल्या सुमारे दोन दशकांत फ्लेक्सने, म्हणजे संगणकावर जुळवून प्लास्टिकच्या कापडावर छापल्या जाणाऱ्या फलकाने, पेंटराचे बहुतेक काम काढून घेतले. मार्च २०२२ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून सर्व दुकाने व आस्थापनांची पाटी मराठीत, देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान न ठेवता लावणे बंधनकारक केले, आणि मद्य विकणाऱ्या किंवा देणाऱ्या आस्थापनांना थोर व्यक्तींची व गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई केली. देवनागरी अक्षरांचे वळण हाताने जाणणारा माणूस गावोगावी असताना, या कायद्याने निर्माण केलेले नव्या पाट्यांचे काम मुख्यतः छपाईयंत्राकडे आणि एलईडीच्या अक्षरांकडे गेले, ही खेदाची गोष्ट आहे. पाटीची लिपी सांभाळली गेली, ती लिहिणारा हात सांभाळला गेला नाही. नगरपालिका-महानगरपालिकांच्या स्वच्छता मोहिमांनी २०१४ नंतर पेंटरांना पुन्हा भिंती दिल्या, परंतु तेथे घोषवाक्य आणि चित्र दोन्ही वरून ठरून येतात. बारच्या आत आता तयार छापील विनाइलचा कागद भिंतीवर चिकटवला जातो, आणि त्यावरही तोच बर्फाचा डोंगर असतो, अधिक स्पष्ट आणि अधिक स्वस्त. कॅलेंडरची नक्कल करण्याच्या शर्यतीत यंत्र पेंटराच्या पुढेच राहणार. जिनिंगचे आवार, चिखलदऱ्याचा कडा किंवा समोर बसलेल्या ग्राहकाचा चेहरा मात्र छापील विनाइलच्या नमुन्यांत मिळत नाही, आणि मालकाने विषय पेंटरावर सोडून त्याचे नाव भिंतीवर ठळक लिहू दिले तर ते काम आजही चौरस फुटाच्या त्याच दरात होऊ शकते.