अंडे, अहिंसा आणि आहाराचा शिक्का

शाकाहारी माणसाने अंडे खावे काय, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला वाटतो. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्यांना केळे वा अन्य फळ, देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यास धर्माच्या व अहिंसेच्या नावाने विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांचा निधीच थांबविला. ज्या शाळांना अंडी द्यावयाची असतील त्यांनी लोकसहभागातून खर्च भागवावा, असे ठरले. म्हणून या अहिंसेची धम्माच्या कसोटीवर चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

मराठीत या चिकित्सेचा पाया धर्मानंद कोसंबी यांनी घातला. १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारणाऱ्या या पंडिताने 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यापायी मोठा रोष पत्करला. प्राचीन श्रमण काय खात होते, हे त्यांनी निर्भयपणे मांडले. तथापि ते विवेचन मुख्यतः ऐतिहासिक आहे. पूर्वी खात होते, एवढ्यावरून आज खावे किंवा खाऊ नये, यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी शीलाकडेच वळावे लागते.

अट्ठकथेनुसार पाणातिपाताची अंगे पाच: प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव, वधाची चेतना, त्यासाठी प्रयत्न आणि त्यातून घडलेला मृत्यू. पोल्ट्रीतील खाण्याची अंडी सामान्यतः कोंबड्याच्या संयोगावाचून घातलेली असतात. ती उबवली तरी पिल्लू निघत नाही. म्हणजे पहिलेच अंग येथे नाही. दूध घेणाऱ्याने अशा निर्जीव अंड्यास हरकत घेण्याचे कारण नाही, हे गांधीजींनीही आपल्या आरोग्यविषयक लेखनात मान्य केले होते.

मात्र एवढ्यावर समाधान मानणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींची नर पिल्ले उबवणी केंद्रांत जन्मताच मारली जातात. कोंबड्या अरुंद पिंजऱ्यांत आयुष्य काढतात. अंड्यात प्राण नसला तरी त्या व्यवसायात हिंसा आहे. करुणेपोटी कोणी अंडे वर्ज्य केले तर तो आदरास पात्रच आहे. परंतु दुधाच्या धंद्यातील नर वासरांचा प्रश्नही याच प्रकारचा आहे. दूध पवित्र आणि अंडे अपवित्र, ही विभागणी करुणेतून आलेली नाही. ती विटाळाच्या कल्पनेतून आलेली आहे. आमगंध सुत्ताने नेमकी हीच कल्पना नाकारली: दुर्गंधी अन्नाला नसते, ती दुष्कृत्यांना असते.

देवदत्ताने भिक्षूंवर आजन्म मत्स्य-मांसत्यागाचा नियम लादावा अशी मागणी केली, तेव्हा तथागतांनी ती मान्य केली नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (१९५७) हत्येची गरज आणि हत्येची इच्छा यांत भेद केला, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे प्रतिपादिले. तत्त्व विवेकाने आचरावयाचे असते; ते दुसऱ्याच्या ताटावर लादता येत नाही.

या वादातील सर्वांत चिंताजनक गोष्ट मात्र वेगळीच आहे. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रांवर अंडे खाणाऱ्यांसाठी लाल आणि न खाणाऱ्यांसाठी हिरवी खूण करण्याचा आदेश निघाला. ज्या समाजाच्या उद्धारकाला साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्या समाजाला अशा खुणेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या मुंबईत घर मागणाऱ्याला आधी आहार विचारला जातो, तेथे ही खूण शाळेपुरती राहील असे मानणे भोळेपणाचे होईल.

निष्कर्ष असा की शाकाहाऱ्याने अंडे खाल्ल्यास शीलभंग होत नाही, आणि न खाल्ल्याने तो श्रेष्ठही ठरत नाही. अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. ज्या मुलाच्या घरी ती अन्य मार्गाने मिळत नाहीत, त्याचे अंडे काढून घेण्यास अहिंसा म्हणता येणार नाही.