घंगाळातला मनीप्लँट

माणसाने मित्राचे नवे घर बघायला जरूर जावे, पण चष्मा घरी ठेवून जावे. चष्मा असला की दिसते, दिसले की बोलावेसे वाटते, आणि बोलले की पुढच्या खेपेला नुसताच चहा येतो, चिवडा येत नाही.

कोथरूडला आमच्या एका जुन्या स्नेह्याने फ्लॅट घेतला. आम्ही दोघे बघायला गेलो. "भाऊजी, आतलं सगळं अँटिक आहे हं!" वहिनींनी दारातच बजावले. आमच्या सौभाग्यवतीने हळूच माझ्याकडे पाहिले. आपणही रिकाम्या हाताने आलेलो नाही, याचे समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

आत गेलो आणि थबकलो. समोर समई होती, पण वातीच्या जागी विजेचा दिवा. एका जात्यावर काच ठेवून त्याचे टीपॉय केलेले. ज्या जात्याने आयुष्यभर पहाटेच्या ओव्या ऐकल्या, ते आता बिस्किटांची बशी सांभाळत बसले होते. सोफ्याच्या उशांवर वारली चित्रे छापलेली. भिंतीवर चौकटीत अडकित्ता, आणि खाली कोपऱ्यात, खास प्रकाशझोतात, तांब्याचे भले थोरले घंगाळ. त्यात मनीप्लँट.

आता माझी तक्रार नीट सांगतो, नाहीतर म्हणाल, याला दुसऱ्याची हौस बघवत नाही. जुनी वस्तू घरात आणावी. जरूर आणावी. पण ती सुंदर का दिसते, हे विचारायला नको का? घंगाळाचे तोंड रुंद असते, कारण आत तांब्या बुडायला हवा. त्याला दोन बाजूंना दोन कड्या असतात, कारण गरम पाण्याने भरलेले घंगाळ एकट्याने उचलायचे नसते. "हे टेक्स्चर बघ," म्हणून स्नेह्याने ज्या ठोक्यांवरून हात फिरवला, तो मठार. पुण्याच्या तांबट आळीत आजही हातोडीने तो काढतात. ठोक्याठोक्याला तांबे घट्ट होते आणि भांडे मजबूत. म्हणजे जे काही नजरेला गोड वाटते, ते सगळे कामातून आलेले. शोभेसाठी म्हणून त्यात काहीच केलेले नाही, आणि म्हणूनच ते इतके शोभते. काम काढून घेतले की उरते ती महागडी कुंडी.

वारली चित्रांचेही तेच. तो लग्नाचा चौक. सुवासिनींनी झोपडीच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा, मध्ये पालघट देवी बसवायची. भिंतीवरून ते कागदावर आले याचे मला वाईट वाटत नाही. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ते कागदावर आणले आणि चित्र जगभर गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण कागदावर आले तरी तिथे हात होता, माणूस होता. उशीवर छापलेल्या तारप्याच्या नाचाला पाठ टेकून मी बसलो, तेव्हा मात्र लग्नात नवरदेवाच्या जागेवर चुकून बसल्यासारखे वाटले.

"दीडशे वर्षांहून जुनं आहे," स्नेही घंगाळाकडे बोट दाखवून म्हणाला. "साल कोरलंय त्यावर. १८५९! बंडानंतर दोन वर्षांनी!"

मी वाकलो. भिंतीकडच्या अंगाला, टोचून टोचून काढलेली अक्षरे होती. 'चि. सौ.', मग एका मुलीचे नाव, मग 'हीस मामाकडून' आणि शेवटी 'श. १८५९'. मुलीचे नाव इथे देत नाही; कुणाची तरी आजी असेल.

"अरे, 'श.' म्हणजे शके," मी म्हणालो. चष्म्याचा दोष, दुसरे काय! "शके १८५९ म्हणजे इसवी सन १९३७. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशा वस्तूला शंभर वर्षं तरी पूर्ण व्हावी लागतात. हिची शंभरी अजून भरायची आहे."

खोलीत शांतता पसरली. घंगाळाचे वय एका वाक्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांनी कमी झाले होते. बाईमाणसाचे झाले असते तर निदान चिवडा आला असता.

"तरी ते नाव घासून काढायचंच आहे," वहिनी म्हणाल्या. "पॉलिशवाला म्हणतो, निघेल. दुसऱ्याचं नाव कशाला आपल्या घरात?"

मला एकदम केळकर संग्रहालय आठवले. दिनकर केळकरांच्या घरचा धंदा चष्म्याचा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे आणि गावोगाव फिरून लोक टाकून देत त्या वस्तू गोळा करायचे. दिवे, अडकित्ते, करंडे, पाय घासायच्या वज्रीसुद्धा. तिथल्या अडकित्त्यांच्या रांगेपुढे उभे राहा. सुपारी कातरायची ती काय, पण कुणा अनाम कारागिराने त्यासाठी पोपट घडवला, कुणी घोडा. सोफ्याला शोभेल म्हणून त्यातला एकही घेतलेला नाही. १९७५ साली तो सारा संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला. आणि त्याला नाव दिले ते राजाचे, त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचे. परक्या घरांतल्या हजारो वस्तूंवर त्यांनी आपल्या पोराचे नाव जपले, आणि इथे एका मामाने भाचीसाठी घातलेले नाव पुसायचे चालले होते.

हे मी बोललो नाही. बोलायला तोंड नव्हते. आमच्याकडेही असेच घंगाळ होते, आजीच्या नावाचे. १९६८ साली आईने ते वजनावर मोडीत घातले आणि स्टीलचे तीन डबे आणले. मी तिला नावे ठेवणार नाही. रोज चिंच लावून तांबे-पितळ घासणाऱ्या हातांना स्टील म्हणजे मोक्षच होता. त्या दिवशी डब्यांत तोंड बघून सगळ्यांत जास्त नाचलो होतो तो मीच. आजी मात्र नुसती म्हणाली, "नाव होतं रे त्यावर."

बोलली ती आमची सौ. "वहिनी, मनीप्लँट राहू दे. पण नाव तेवढं घासू नका. मामानं दिलंय."

वहिनी काही बोलल्या नाहीत. पण दिवाळीत पुन्हा गेलो तेव्हा पाहिले, मनीप्लँट तिथेच होता, प्रकाशझोतही होता. घंगाळ मात्र फिरवून ठेवले होते. नाव पुढे आले होते. आणि चहाबरोबर चिवडाही आला.

घरी आमच्या त्या तीन डब्यांतला एक अजून शिल्लक आहे. परवा नातवाने त्यावरचे आईचे नाव बोट फिरवून वाचले आणि विचारले, "आजोबा, हा अँटिक आहे का?"

"नाही रे," मी म्हणालो, "अजून त्यात तूरडाळ आहे."